पाद्रीणबाईंचं माहेरपण

मोताळ्याच्या आठवडी बाजारात पाद्रीणबाई आल्या की भाजीवाल्या कोथिंबीर गोणपाटाखाली लपवायच्या. वांगी घ्या, मेथी घ्या, वजन झालं की बाईंचा गोरा हात पुढे यायचा आणि मूठभर कोथिंबीर पिशवीत जायची. तिचे पैसे द्यायचा प्रश्नच नाही. "हे तं वरतून असते वो!" असं त्या भाजीवालीलाच समजावून सांगत. नॉर्वेहून आलेली ही उंचच उंच बाई वऱ्हाडीत हुज्जत घालू लागली की आजूबाजूची गिऱ्हाइकं आपला सौदा सोडून ऐकत उभी राहत.

त्यांचे यजमान, म्हणजे पाद्रीसाहेब, मराठी पुस्तकातून शिकले होते. "कृपया किंचित सरकता का?" असं ते म्हणत, आणि बैलगाडीवाला नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत बसे. बाईंची मराठी आमच्या दारच्या हापशीवर तयार झालेली. "सरक ना बे, काऊन उभा राह्यला?" एवढ्यावर गाडी, बैल आणि गाडीवाला, तिघंही बाजूला होत.

मिशनचा बंगला आमच्या घराला लागूनच होता. तिथे दवाखाना होता आणि बाईंचा शिवणवर्ग. धर्माचं त्यांनी आम्हा बायकांना कधी फारसं सांगितलं नाही, पण स्वेटर विणायला मात्र सक्तीनं शिकवलं. भर मे महिन्यात मांडीवर लोकर घेऊन आम्ही घामाघूम होत असू आणि बाई म्हणत, "थंडी पडल्यावर मंग सांगू नोका!" तसली थंडी मोताळ्यात अजून तरी पडलेली नाही.

काही वर्षांनी त्यांची फर्लो आली. फर्लो म्हणजे मिशनऱ्यांची मायदेशी जायची लांब रजा, हे साहेबांनी आमच्या ओसरीवर बसून सविस्तर समजावलं. माझ्या सासूबाईंना ते एका शब्दात कळलं.

"म्हंजे माहेरपन!"

मग त्यांनी उलटतपासणी सुरू केली. किती दिवस? वर्षभर. कोण कोण जाणार? मुलंबाळं धरून सगळेच.

"साहेब बी? वर्षभर? सासुरवाडीत?"

साहेबांनी घाईघाईनं खुलासा केला, की आम्ही दोघं एकाच गावचे आहोत आणि मी माझ्या स्वतःच्या घरी जाणार आहे. पण तोवर सासूबाई पदर सावरून बाहेर पडल्या होत्या. पाद्रीसाहेब घरजावई व्हायला चालले, ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. चहाच्या टपरीवर लोक त्यांच्याकडे कळवळ्यानं बघू लागले. एकानं तर त्यांना चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत.

बाई मात्र त्या दिवसांत गप्पगप्प असत. मी सामान बांधायला गेले तेव्हा कुठे बोलल्या. "मले वापस यायचं हाय वो. पन ते आता माह्या हाती नाई." त्यांच्या देशात मिशनची कमिटी होती. ह्या कुटुंबाला पुन्हा मोताळ्याला पाठवायचं की नाही, ते रजेच्या शेवटी ती ठरवणार होती. तोवर बाईंनी तिकडे एकेका चर्चमध्ये जाऊन इथली हकिगत सांगायची, असा रिवाज होता.

सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना यात अवघड असं काही दिसेना.

"हे पाह्य बाई, पोरीनं माहेरी सासरचं रडगानं गायलं का मायबापाचं काळीज हालते. मंग ते पोरीले धाडत नाईत. तू सांगजो, मले सासरी काई कमी नाई, लय सुख हाय. बिनघोर धाडतीन."

माझ्या नणंदांच्या बाबतीत हे शास्त्र खरं ठरलेलं होतं. मलाही ते पटलं आणि बाईंनीही मान डोलावली. लोणचं, खारोड्या आणि हा सल्ला बरोबर घेऊन त्या गेल्या.

वर्ष सरत आलं तेव्हा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. सासूबाईंनी फोन माझ्या हातातून ओढला आणि सवयीनं कानाला लावला. त्यामुळे पुढचं सगळं बाईंनी सासूबाईंच्या कानाकडे पाहत सांगितलं. आवाज मोठा होता म्हणून मलाही ऐकू आलं.

"तुमी म्हनल्या तसंच सांगतलं मी. दवाखाना चांगला चालते. शिवनवर्ग आता तिथल्याच पोरी चालवतात. शेजारी जीव लावतात. मले काई कमी नाई. लोकाह्यनं लय टाळ्या वाजवल्या."

"मंग? कवा येता?"

"कमिटी म्हने, लय चांगलं झालं. तिथं सारं हाय, तं आता तुमचं काय काम?"

बाकीच्या मिशनऱ्यांनी साप, ताप, दुष्काळ असं एकेक सांगितलं होतं. त्यांची परत जायची तिकिटं निघाली. साहेबांनीही एका सभेत, बंगल्यात साप निघाला होता असं सुरू करून पाहिलं. पण बाई मधेच उठून म्हणाल्या, ती तर धामण होती, उंदीर खायला यायची!

"थोडं रडाचं होतं ना व बाई!" सासूबाई कळवळून ओरडल्या.

"कायचं रडू? खरंच काई कमी नोतं."

एवढं बोलून बाई हसल्या, आणि मग हसता हसता त्यांना रडू फुटलं. सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि त्या आत निघून गेल्या. मला फार वाईट वाटलं. अशी शेजारीण मला परत मिळाली नाही.

त्या दिवाळीला मी माहेरी निघाले. सासूबाईंनी पिशवी हातात दिली, पण सोडली नाही.

"माहेरी सारं चांगलं चांगलं सांगत बसू नोको," त्या म्हणाल्या. "सासू लय खाष्ट हाय म्हन. नाई तं वापस धाडाचे नाई तुले."