चार रंगांचे आजोबा

इथे अमेरिकेत, पार्सिपनीत, दिवसभर घरात दोघीच, मी आणि नात इरा. बाहेर पडायचं तर कुणीतरी गाडी काढायला हवी. मग किस्से साठणार नाहीत तर काय! धुतलेले कपडे निदान घडी करून कपाटात जातात, हे कुठे ठेवू?

माझी लेक अनघा ग्राफिक डिझायनर. तिच्याकडे हॉलंडच्या एका चित्रकारावरची जाडजूड पुस्तकं आहेत. हे आजोबा लहान मुलांसाठी चित्रं काढायचे, पोस्टरं करायचे. मी शाळेत गेले नाही. मराठी अक्षरं मोठेपणी घरीच शिकले, इंग्रजी राहूनच गेलं. पण इराला हीच पुस्तकं हवीत आणि माझ्याच मांडीवर. मग मी चित्रं बघून मनचीच गोष्ट सांगते.

*

एका पानावर एकच बदक बारा वेळा. मी अनघाला म्हटलं, छापताना गडबड झालीय, रिटर्न कर.

ती म्हणाली, "आई, डोळा मनासारखा बसेपर्यंत त्यांनी तेच बदक पुन्हा पुन्हा काढलंय."

मी विचारलं, "आणि तोवर घरचा स्वयंपाक कोण करत होतं?"

*

या आजोबांचे रंग मोजून चार. इराने विचारलं, बाकीचे कुठे गेले? मी दमले होते. सांगून टाकलं, फार पसारा करतात म्हणून बायकोने कुलपात ठेवलेत.

दुसऱ्या दिवशी अनघा घरूनच काम करत होती. तिची मीटिंग चालू असताना इरा कॅमेऱ्यापुढे जाऊन तिच्या बॉसला हेच सांगून आली. त्याने म्हणे लिहून घेतलं.

*

शेजारच्या देशपांडेबाई नागपूरच्या रिटायर्ड शिक्षिका. माझी पाठ धरली होती, तेव्हा त्यांनी चष्मा लावून इराला ते पुस्तक ओळन् ओळ वाचून दाखवलं. इरा दुसऱ्याच पानाला उठली. "दिस इज नॉट द बुक."

बाई माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या. हळूच म्हणाल्या, "अहो, आता ती शाळेत जाईल. वाचायला लागली की काय करणार तुम्ही?"

चहात साखर दोनदा पडली.

*

आणि लागली की वाचायला. गेल्या मंगळवारी पुस्तक घेऊन मांडीवर बसली, आणि मी तोंड उघडायच्या आत, बोट ठेवून, अडखळत तिने चित्राखालच्या सगळ्या ओळी वाचल्या. माझ्या गोष्टीतलं त्यात काहीच नव्हतं, एवढं मलाही कळलं.

म्हटलं, "झालं बाई. आता आजीचं काही काम उरलं नाही."

तिने दोन्ही तळवे पसरून खालची अक्षरं झाकली.

"आता तू वाच."