सव्वा तासाचे अंतर

मुंबई ते नागपूर हे हवाई अंतर सुमारे सातशे किलोमीटर. विमानाला सव्वा तास लागे. नागपूर ते एटापल्ली हे अंतर त्याच्या निम्म्याहून कमी. मी एटापल्लीच्या शाळेत भूगोल शिकवीत असे. असली अंतरे मला तोंडपाठ होती. त्यांचा उपयोग काय, हे मात्र ठाऊक नव्हते.

ऐंशीच्या दशकातल्या एका पावसाळ्यात आईला हिवतापाने घेरले. डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचे त्यांना बोलवा. बोलवावा असा एकच होता, मुंबईत इंजिनियर असलेला माझा धाकटा भाऊ. त्याला तार केली. उलट तार आली, मंगळवारी सकाळच्या विमानाने निघतो. बुधवारी दुपारच्या एसटीने तो पोचेल, असे मी आईला शिक्षकी खात्रीने सांगितले.

तिने विमानाचा वेळ विचारला आणि तेवढाच लक्षात ठेवला. मंगळवारीच तिने माझ्या बायकोला त्याच्या वाट्याचा भात टाकायला लावला. सव्वा तासात एवढा मुलूख ओलांडणाऱ्याला आमचे जंगल ओलांडायला कितीसा वेळ लागणार, अशी तिची समजूत. मंगळवारचा भात उरला. बुधवारचाही उरला.

वाटेत आष्टीला वैनगंगा पुलावरून वाहत होती. ती उतरली तोवर आलापल्लीपुढचा नाला चढला. भाऊ गुरुवारी दुपारी आला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात. आईचा ताप त्याआधीच उतरला होता. ती भिंतीला टेकून पेज पीत होती. शेवटच्या भेटीच्या तयारीने आलेल्या माणसाची त्यामुळे थोडी पंचाईत झाली. परतीचे विमान शुक्रवारचे होते आणि तो आला ती गाडीच अर्ध्या तासाने परत जायची होती. ती चुकली तर पुढे नाल्याचा भरवसा नव्हता.

"इमानानं किती वेळ लागला, बापू?" आईने विचारले.

"सव्वा तास."

"आन् नागपुराहून?"

"दोन दिवस."

"मंग इमानातून उतरला काऊन? बसूनच राह्यचं होतं."

तो हसला. मीही हसलो असेन.

आमच्याकडे एक रीत होती. आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस उठेपर्यंत गाडी हलत नसे. वेळ झाली तेव्हा कंडक्टर दारात आला. भाऊ पिशवी उचलू लागला, तर कंडक्टरनेच त्याला खाली बसवले. "बसा भाऊ. गाडी उभी आहे." ती तासाभराहून अधिक उभी राहिली. आत बसलेल्यांपैकी विमान कोणी जवळून पाहिलेले नव्हते. विमानाने आलेल्या माणसासाठी खोळंबताना मात्र कोणी कुरकुर केली नाही.

निघताना आई म्हणाली, "आता कवा येशीन?"

"सव्वा तासाचं तर काम आहे, आई. केव्हाही येईन."

पुढची काही वर्षे तो आला नाही. शेजारच्या बाया आईला समजावीत, मुंबई दूर आहे, कसा येणार. हे तिला पटत नसे. दूर नाही, सव्वा तासावर आहे, असे ती ठणकावून सांगे. एवढी चांगली सबब तिनेच मोडीत काढल्यावर दुसरी शोधणे तिला भाग होते.

"नाल्याले पाणी असंन," ती म्हणे.

एकदा हे ती वैशाखात म्हणाली. त्याच सकाळी मी तो नाला ओलांडून आलो होतो. माझ्या चपलांवर पांढरी धूळ होती. मी त्या दाराबाहेर काढून ठेवल्या.