दिराला मारलेली थाप

लाँड्रीत इस्त्री करून करून तिचा उजवा खांदा झुकला होता; डावा नवऱ्याने निखळवला होता. गल्लीत तिला सगळे धोरणी म्हणत. नवरा जिना चढू लागला की पावलांवरूनच ती ओळखायची, आज पट्टा निघणार की नुसत्या लाथा. मग मुलीला शेजारणीकडे पिटाळायची आणि दात तरी वाचावेत म्हणून भिंतीकडे तोंड करून बसायची.

एकदा मुलगी तावडीत सापडली. त्याने केस धरून तिचं डोकं दारावर आपटलं. पाच टाके पडले. आई रडली नाही, पोलिसांतही गेली नाही. दुसऱ्या दिवशी मुलीचा हात धरून थेट थोरल्या दिराच्या दुकानात गेली. दीर खाटीक, डोक्याने तापट. पण स्वतःच्या आईचं दुखणं शेवटपर्यंत त्यानेच काढलं होतं.

"भाऊजी, मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली, "पण तुम्ही आईंना उपाशी मारलंत, असं हे चारचौघांत सांगत फिरतात."

नवरा असलं काही बोलला नव्हता.

घरी येऊन तिने मुलीला, आणि सुरी, विळी, लाटण्यालाही शेजारी पोचवलं. दोन-चार ठोसे बसतील, नवरा वचकेल, एवढाच तिचा अंदाज. दुपारी दीर आला तो सत्तूर घेऊनच. नवऱ्याच्या हाताला टेबलावरची इस्त्री लागली. त्याने ती भावाच्या डोळ्यात हाणली. सत्तूर खाली आला, आणि नवऱ्याचा उजवा पंजा मनगटाला कातडीवर लोंबू लागला. रक्त छतापर्यंत उडालं. तिनेच पदर फाडून मनगट आवळलं, नाहीतर तो तिथेच संपला असता.

पहिला वार नवऱ्याचा, असं तिने कोर्टात सांगितलं. ते खरंच होतं. दिराची शिक्षा निम्म्यावर आली. जाऊ तिच्या गळ्यात पडून रडली. तुझ्यामुळे माझं घर वाचलं, म्हणाली.

जाऊ गेल्यावर ती मुलीला म्हणाली, "आता आपल्याला कुणी मारणार नाही."

"हे खरं आहे, की काकांना सांगितलंस तसलं?" मुलीने विचारलं.

नवऱ्याने पुन्हा हात उगारला नाही. तो आता तिच्या हातून घास खातो आणि तिला घाबरतो. मुलगी मोठी झाल्यावर काकीकडे राहायला गेली. काकीला तिने अजून काही सांगितलेलं नाही. निदान आईची तशी समजूत आहे.