स्टीलच्या डब्यातली झांज

लाखांदूर तालुक्यात बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करणारे पुष्कळ सापडतील. धडधाकट चालणाऱ्या वस्तू दुरुस्त करणारे एकटे माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. वायरमन म्हणून निवृत्त झाल्यापासून घरातलं एकही यंत्र त्यांच्या हातून सुटलेलं नाही. आमच्या मिक्सरमध्ये चटणी वाटली जात नाही, नुसती झाकणाला जाऊन चिकटते. "पण मोटर गरम होते का आता?" हे वर.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी रेकॉर्ड प्लेयरसाठी व्हॉल्व्हचा प्रीअॅम्प स्वतः जोडला. सुईकडून येणारा बारीक आवाज वाढवून पुढे पाठवणारी ही पेटी. पेटी म्हणजे माझा अनारशांचा स्टीलचा डबा. झाकणाला भोकं पाडून त्यात दोन व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असत तसल्या काचेच्या नळ्या, उभे केले. हा खटाटोप एका रेकॉर्डसाठी. दिघोरीच्या भजनी मंडळाची ती एकुलती एक रेकॉर्ड, आणि तिच्यात माझे सासरे झांज वाजवतात. मी लग्न होऊन आले तेव्हा ते नव्हते. त्यांचा धड फोटोसुद्धा घरात नाही.

पहिल्याच दिवशी आवाज सुरेख आला. मी तसं म्हटलं, तर भाऊजी खट्टू झाले. "तुले कायचं समजते? वरचा आवाज दबून राहिला. बाबूजी समोर बसल्यावानी वाटले पाहिजे."

मग सुरू झाली सुधारणा. नागपूरहून कंडेन्सर येऊ लागले, त्यातला एक तर वांग्याएवढा. दर बदलानंतर मला चुलीपासून हाक. "आता?" "छान." "अजून दबूनच आहे." एकदा त्यांना कुकरच्या शिट्ट्या मोजायला बसवलं, तर डाळ करपली, कंडेन्सरची तंद्री, दुसरं काय! आवाज मात्र महिन्यागणिक चिरका होत गेला. अंगणातलं कुत्रं दिघोरीच्या रस्त्याला लागलं. भासऱ्यांसमोर पदर डोक्यावर घ्यायची आमच्याकडे रीत. मी तो कानांवर घट्ट ओढू लागले.

शेवटी परवा मी लाटणं घेऊनच खोलीत गेले. "भाऊजी, ती झांज कमी करा, डोकं फुटून राहिलं माझं."

"कोणती झांज?"

"बाबूजींची! दुसरी कोणती?"

"वाजते?"

"दोन वर्षांपासून वाजून राहिली."

ते हळूच खुर्चीत टेकले. "मले वाटे, कंडेन्सरच खाऊन राहिला तिले."

मी म्हटलं, उद्याच भंडाऱ्याला कानाच्या डॉक्टरकडे नंबर लावते.

"लाव," ते म्हणाले. "पण आधी सांग, कुठं कुठं वाजते ते."

रेकॉर्ड पुन्हा लावली. मी चमचा आणि पेला घेऊन समोर बसले. झांज वाजली की पेल्यावर चमचा. तालाचं अंग मला मुळीच नाही. दर खेपेला हात मागे पडत होता. भाऊजी माझ्या हाताकडे एकटक बघत होते. स्क्रूड्रायव्हर मांडीवर तसाच पडून होता. एवढं चुकत असूनही त्या दिवशी त्यांनी काहीच दुरुस्त केलं नाही.