घोळणाऱ्याच्या वरच्या अंगाला

आधीच सांगतो, मी भुताखेतांना मानणारा माणूस नाही. स्मशानालगतच्या ओढ्यात एकट्यानं माती घोळलीय मी. शाळा दुसरीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढू नका. पण इथं मोशीत लोक मला हसायला लागलेत, म्हणून लिहितोय.

आम्ही झारेकरी. सराफांच्या दुकानांपुढली माती झाडून आणायची, पाटीत पाण्यानं घोळायची, सोन्याचा कण काढायचा. जावई ट्रक चालवतो. गेल्या साली चाकणहून लडाखला माल निघाला, क्लीनर आला नाही, मी चढलो.

"मामा, थंडी सोसंल का?" — मला विचारतो!

घाटापलीकडं ट्रक बर्फात रुतला. डिझेल गोठलं, मोबाइल मुका. भर दुपारी पायी निघालो. जावयाचे पाय बधिर झाले, खाली बसायला लागला. बसला की संपला... माझी लेक डोळ्यापुढं आली.

तेवढ्यात आवाज — पाटीत वाळू फिरल्याचा. खाली नदीकाठी एक म्हातारा, अंगावर कातडं, दाढीत बर्फ, वाळू घोळत होता.

"जावईबापू, माणूस हाय!"

"कुठंय? मला न्हाई दिसत. वरची वाट सरळ हाय, चला."

वरची वाट त्याच्या वरच्या अंगानं जात होती. आमच्यात घोळणाऱ्याच्या वरच्या अंगाला पाय ठेवत नाहीत. पाणी गढूळ होतं, कण वाहून जातो. मी जावयाची कॉलर धरली, खालून वळसा घेतला. तो शिव्या घालत होता — सासऱ्याला!

वळसा पुरा झाला आणि वरची वाट बर्फाच्या लोंढ्याखाली गेली. मागं बघितलं... म्हातारा नाही.

पुढच्या वळणावर मिलिटरीची छावणी. मी ओरडलो, "म्हातारा गाडला गेलाय, काढा!"

साताऱ्याकडचा एक जवान म्हणाला, "बाबा, सोनं शोधणारी माणसं पूर्वी यायची म्हणतात. आता कुणी न्हाई. आन् नदी तर पार गोठलीय."

मग पाटीत पाणी कुठलं? मला अजून सांगता येत नाही. जावई चार माणसांत म्हणतो, "मामांना भास झाला." जावई आहे, म्हणून तोंड आवरतो!

परवा लडाखची खेप पुन्हा निघाली. चढताना हळूच म्हणाला, "मामा, तंबाखूची पुडी द्या. तिथं ठेवतो."

तो स्वतः तंबाखू खात नाही. दिली मी. पण परत आला की बघा, चार माणसांत भासच म्हणेल!