खल्फानचं 'बघू'

आमच्या शेजारचा खल्फान वाळूत गाडी रुतू नये म्हणून टायरमधली थोडी हवा काढायची की नाही, हे ती रुतल्यावर ठरवतो. एसी कुठला घ्यायचा यावर त्याने अख्खा उन्हाळा घालवला. बायको कंटाळून तेवढे दिवस माहेरच्या गारव्यात जाऊन राहिली. काहीही विचारा, उत्तर एकच: "बघू." यापायीच थोरल्या लेकीचं, अफ्राचं, चांगलं स्थळ हातचं गेलं. म्हणून धाकट्या शेम्साने आईला बजावून ठेवलं, "मला सालिमच हवा. बाबांना 'बघू' म्हणू देऊ नकोस."

सालिमचे वडील सुहैल भेटायला येणार म्हटल्यावर खल्फानने त्यांना घरी न बोलावता वाळवंटातल्या अल कुद्राच्या तळ्यावर बोलावलं. घरी बायको दाराआडून ऐकते ना! आधाराला मला नेलं.

गाफच्या झाडाखाली चटई टाकली. खल्फानने कॉफी ओतली. सुहैलने पेला घेतला आणि ओठाला न लावता खाली ठेवला. ही इथली जुनी रीत. आता मागणं मान्य झालं तरच पाहुणा पिणार. नाहीतर उठून जाणार, आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही.

"अबू अफ्रा," सुहैलने खल्फानला थोरलीचा बाप म्हणून मानाने हाक मारली, "शेम्सा आमच्या सालिमला द्या."

"बघ..." खल्फानचा शब्द अर्धाच राहिला. सुहैलच्या पाठीमागे झुडपातून ओरिक्स निघाला होता. वाळवंटातल्या थोराड हरणाचा पांढराधोट नर, शिंगं भाल्यासारखी. त्याची पाण्याची वाट नेमकी आमच्या चटईवरून.

"अबू सालिम, हळूच उठा," खल्फान कुजबुजला.

"उत्तर मिळाल्याशिवाय नाही."

"अहो, मागे..."

"मागे-पुढे काही नाही. हो की नाही?"

ओरिक्सने खुराने वाळू उकरली. शिंगं खाली आली.

"बोल रे बाबा!" मी म्हणालो. "नाहीतर सोयरीक आणि मयत एकाच चटईवर उरकेल."

आणखी एक पाऊल. खल्फानने डोळे मिटले. "दिली! शेम्सा दिली! प्या ती कॉफी आणि उठा!"

सुहैलने कॉफी सावकाश संपवली, पुरे म्हणून पेला हलवलासुद्धा. मग आम्ही तिघे खेकड्यासारखे बाजूला सरकलो आणि ओरिक्स चटई तुडवत पाण्यावर गेला.

गाडीत बसताच खल्फानने सुहैलला विचारलं, "तुम्हाला तो दिसलाच नाही?"

"कॉफीच्या किटलीत दिसत होता की. छान चकचकीत ठेवता तुम्ही."

"मग उठला का नाहीत?"

"उठलो असतो तर तुम्ही तो अर्धा शब्द पुरा केला असता."

खल्फानने स्वतःहून बायकोला फोन लावला. "सांग शेम्साला, दिली म्हणून."

"दिली? की 'बघू'?" पलीकडून प्रश्न आला. मग तिने फोन माझ्याकडे द्यायला सांगितला.