‘कसा तुटला’चा रकाना

परिषदेला जायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे क्यूबमावशींनी विचारावं असं प्रयोगशाळेत कोणीच नव्हतं, कारण तिथून आजवर कोणी परिषदेला गेलंच नव्हतं. बांधकाम खात्याच्या त्या प्रयोगशाळेत मावशी सव्वीस वर्षं काँक्रीटचे क्यूब फोडत होत्या. कुठे पूल बांधला, कुठे पाण्याची टाकी, की तिथल्या काँक्रीटचे वीतभर ठोकळे त्यांच्याकडे यायचे. मशीनमध्ये दाबून ते किती भाराला फुटतात ते मावशी वहीत लिहायच्या.

वहीत छापील रकाने तीन: तारीख, कुठला क्यूब, किती भार. चौथा मावशींनी अकरा वर्षांपूर्वी स्वतः पट्टीने आखलेला, त्याचं नाव ‘कसा तुटला’. चारी बाजूंनी सारखा तुटला तर आकडा खरा. एकाच बाजूने ढासळला तर क्यूब नीट बसला नव्हता, आकड्यावर भरवसा नको. हे लिहायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि तेव्हापासून कोणी वाचलंही नव्हतं. नव्याने आलेल्या धाकट्या साहेबांनी वाचलं, खटपट करून त्याचा शोधनिबंध केला आणि पहिलं नाव मावशींचं घातलं.

मोठ्या साहेबांनी मात्र नाक मुरडलं. पुढच्या महिन्यापासून वह्या बंद होऊन सगळं कॉम्प्युटरवर जाणार होतं आणि तिथे चौथ्या रकान्याला जागा नव्हती. धाकट्यांनी फारच लावून धरलं तेव्हा ते म्हणाले, “परिषदेत चार जाणकारांनी मान डोलावली तर ठेवू. नाहीतर विषय संपला.”

परिषद एका विद्यापीठात, दोन दिवसांची होती. निघताना नवऱ्याने सल्ला दिला होता, “अगं, कोणी प्रश्न विचारला की आधी म्हणायचं, चांगला प्रश्न आहे. मग पाणी प्यायचं. तोवर उत्तर सुचतं.” हे गृहस्थ आयुष्यभर शिंपीकाम करत आलेले, पण टीव्हीवरच्या चर्चा रोज बघायचे.

पहिल्या दिवशी दुपारी पाहुण्यांना परिसर दाखवायचा कार्यक्रम होता. घड्याळाचा मनोरा, गोल ग्रंथालय, तळ्याकाठची लांबलचक हिरवळ. सगळे माना वर करून मनोरा बघत होते. मावशींनी मनोऱ्याच्या भेगाळलेल्या खांबावर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि म्हणाल्या, “गिलावा सुटलाय.”

“मावशी, फोटो काढतो, इकडे बघा,” धाकटे साहेब म्हणाले.

“काढा. पण ती भेग येऊ द्या त्यात.”

तळ्याकाठी त्यांनी चपला काढून गवतावर पाय ठेवले, आईस्क्रीम खाल्लं, दोन बदकांचं भांडण पुरतं बघितलं. कामाच्या दिवशी दुपारी असं बसायला मिळतं हेच त्यांना नवल वाटत होतं.

शेवटी विद्यापीठाची प्रयोगशाळा दाखवली. मशीन दोन माणसं उंच, नवंकोरं. ते चालवणारे पांढऱ्या मिशांचे तंत्रज्ञ पाहुण्यांना एक क्यूब फोडून दाखवून दुसरा लावत होते. मशीन घरघरलं, ठोकळा फुटला, आकडा आला एकोणीस. हवा होता तीसच्या वर.

“सिमेंट कमी पडलं असणार,” गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

मावशींना राहवेना. “सिमेंटचा काही दोष नाही. एका बाजूनेच ढासळलाय बघा. खाली आधीच्या क्यूबचा खडा राहिलाय.”

मिशीवाल्यांचा चेहरा उतरला. “बाई, वीस वर्षं हेच करतोय मी.”

“मी सव्वीस. घाईत माझंही होतं. पाहुणे आले की हमखास. म्हणून तर मी वहीत ‘कसा तुटला’ असाही रकाना ठेवलाय.”

मिशीवाल्यांनी तुकडे उचलले. खाली हरभऱ्याएवढा खडा. मावशींनी पिशवीतून नवऱ्याचा दाढीचा जुना ब्रश काढला आणि क्यूब ठेवायची पोलादी पाटी लख्ख झाडली. प्रत्येक क्यूबआधी त्या असं झाडत आल्या होत्या, हात नुसते शिवशिवत होते. तिसरा क्यूब चारी बाजूंनी सारखा तुटला. आकडा चौतीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मिशीवाल्यांनी मात्र खाली मान घालून तुकडे गोळा केले.

दुसऱ्या दिवशी अकराला मावशींचं भाषण. त्याच वेळी शेजारच्या सभागृहात विटा रचणारा यंत्रमानव होता, म्हणून इकडे माणसं नऊ. त्यातले दोघे भिंतीपाशी फोन चार्ज करायला बसलेले. मावशी न अडखळता बोलल्या, मग पाण्याची बाटली हातात धरून वाट बघत राहिल्या. प्रश्न एकही आला नाही. पाणी त्या उगाचच प्यायल्या.

“छान बोललात,” धाकटे साहेब म्हणाले खरे, पण मान डोलावणारे चार जण कुठून आणायचे ते त्यांनाही कळत नव्हतं. मावशींना फार वाईट वाटलं. अकरा वर्षांचा रकाना नऊ माणसांत संपला.

निघताना लक्षात आलं, ब्रश प्रयोगशाळेतच राहिला. त्या एकट्याच आणायला गेल्या.

मिशीवाले मशीनपाशीच होते. “काल सगळ्यांसमोर लाज काढलीत माझी,” ते म्हणाले. मावशी ओशाळल्या. “पण खडा होता,” असं म्हणत मिशीवाल्यांनी टेबलावरची वही मावशींकडे फिरवली.

छापील तीन रकान्यांपुढे पेन्सिलने चौथा आखलेला, जरा वाकडाच. वर लिहिलं होतं ‘कसा तुटला’. खाली कालची नोंद: ‘एका बाजूने. खडा होता. चूक माझी.’ आणि त्याखाली त्या सकाळच्या सहा क्यूबांच्या सहा नोंदी.

मावशींचे डोळे भरून आले. त्यांनी पट्टी मागून ती रेघ सरळ करून दिली. मशीनच्या खिळ्याला ब्रश टांगलेला होता. तो त्यांनी तिथेच राहू दिला.

वहीच्या पानाचा फोटो काढून त्यांनी मोठ्या साहेबांना पाठवला. खाली लिहिलं, ‘चार नाहीत. एकच आहे. पण क्यूब फोडणारा आहे.’

फाटकापाशी बसची वाट बघत असताना फोन वाजला. साहेबांचं उत्तर होतं, ‘रकाना किती रुंद ठेवायचा?’